यार्देन नदी आणि घडीची खुर्ची

या, जवळ सरका. आज एका खुर्चीची गोष्ट सांगायची आहे, हसू आलं तर खुशाल हसा.

अमेरिकेच्या दक्षिणेतलं हार्लो क्रीक गाव. तिथल्या ग्रंथालयात काळ्यांना मज्जाव होता. केंद्रीय न्यायालयाने निकाल दिला, दार सगळ्यांना उघडा. गव्हर्नर गरजले, "आमच्या राज्यात बाहेरचा हुकूम चालणार नाही!" दार उघडावं तर लागलं; मग काळे-गोरे शेजारी बसायला नकोत म्हणून महापौरांनी सगळ्या खुर्च्याच उचलायला लावल्या.

गावातल्या काळ्या वस्तीतली म्हातारी लविनिया पेटिफोर्ड खट्टू झाली. चर्चमध्ये रेव्हरंड टॉलिव्हर प्रवचन गाऊ लागले की बायबलमधल्या यार्देन, म्हणजे जॉर्डन, नदीचे शिंतोडे तिच्या अंगावर येत. ती नदी एकदा नकाशात पाहायची होती. नकाशांचा तो जाडजूड ग्रंथ घरी देत नसत, आणि तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता.

"उभ्यानेच बघून ये की," क्लिओथा बिनफोर्ड म्हणाली.

"अगं, नदी सापडेपर्यंत माझे गुडघे टिकायला नकोत?"

क्लिओथा चर्चमधल्या सेविकांची प्रमुख. प्रवचन ऐकताना कुणी भारावून कोसळलं की पांढरे हातमोजे घालून खुर्ची घेऊन धावायचं, हे तिचं काम. शनिवारी तिने तेच मोजे चढवले, घडीची खुर्ची खांद्यावर टाकली आणि लविनियाला घेऊन थेट ग्रंथालय गाठलं.

ग्रंथपाल मिस ड्रेपर दचकल्या. "अहो, खुर्च्या काढायचा हुकूम आहे!"

"तुमच्या काढल्यात ना, बाईसाहेब? ही आमच्या चर्चची, देवाच्या घरची. राज्याने हिला एक खिळासुद्धा दिलेला नाही."

मिस ड्रेपरनी महापौरांना फोन लावला. ते मासे धरायला गेले होते. तोवर लविनिया बसलीसुद्धा, आणि तिचं बोट नकाशावर फिरू लागलं.

"सापडली! अगंबाई, एवढीशीच? रेव्हरंड तर समुद्राएवढी करून गातात!"

"गाताना पाणी वाढतंच," क्लिओथा म्हणाली.

कपाटाला टेकलेले गोरे म्हातारे थॉर्नहिल कण्हले, "बाई, सोमवारी मलाही एक आणाल? निकाल कोर्टाचा, चिडले गव्हर्नर आणि शिक्षा माझ्या पायांना!"

"आणीन. पण बसावं लागेल आमच्या शेजारी."

"पाय ठणकत असताना शेजार कोण बघतो!"

सोमवारी सेविकांची रांगच खुर्च्या घेऊन आली. पुढे गावाने मुकाट्याने आपल्याही परत मांडल्या.

लविनियाची दृष्टी नंतर गेली. पण प्रवचन रंगलं की तिचं बोट मांडीवरून नदीची वळणं घेत खाली उतरायचं, पार मृत समुद्रापर्यंत. तुम्ही प्रार्थनेला बसाल, तेव्हा तिची आठवण ठेवा.