डाकोबाचा शेंदूर

"कान्हादा, तुजा डाकोबा नागडा बसलाय वर."

ठाकरवाडीच्या शुक्राने लाकडाची मोळी खळ्याच्या कडेला टाकली आणि घाम पुसत हे सांगितलं. कान्हा भात झोडत होता. पेंढी डोक्यावर उचललेली होती, ती तशीच राहिली.

"नागडा म्हंजे?"

"म्हंजे शेंदूर नाय. निस्ता काळा धोंडा. काल कर्जतची टोपीवाली मान्सं आलती घळीत. पहारीनं तासला त्यांनी. मी म्हन्लं, देव हाय. तर मला म्हनं, देव नाय रं, पोस्ट हाय."

"आन् शेंदूर?"

"टोपलीत घालून नेला."

कान्हाने पेंढी खाली ठेवली. त्याची बायको हिरू आश्विनात तापाने गेली. तेव्हापासून तो कुणाशीही कामापुरतंच बोलत होता. भात उघड्यावर टाकून तो घळीच्या वाटेला लागला. कोंबड्या दाण्यांवर आल्या, त्या शुक्राने हाकलल्या.

कडावच्या वर दोन डोंगर जवळ येतात आणि ओढा खोल घळीतून खाली उतरतो. त्या घळीच्या तोंडाशी हा धोंडा आहे. कमरेएवढा, अर्धा जमिनीत. कान्हा लहान होता तेव्हा आगगाडी कर्जतला डाक टाकायची. तिथून घुंगरांची काठी घेतलेला गडी डाकेची थैली पळत धोंड्यापर्यंत आणायचा. शेजारी एक गवती खोपी होती. तिच्यात बसलेला कारकून पत्रं निवडायचा आणि दुसरा गडी ती घेऊन वरच्या गावांना जायचा. एवढंच ते टपाल ऑफिस.

खालून येणारा गडी म्हणजे कान्हाचा बाप. एका पावसाळ्यात घळीच्या अलीकडे त्याला जनावर डसलं. तो धोंड्यापर्यंत आला, थैली दिली, धोंड्याला पाठ लावून बसला आणि मग उठलाच नाही. दुसऱ्या गड्याला थांबायची मुभा नव्हती. तो थैली घेऊन पळाला.

बापाचे दिवस झाल्यावर कान्हाची आई शेंदूर आणि तेल घेऊन वर गेली. गुरव आडवा आला. बोडक्या कपाळाच्या बाईच्या हातचा शेंदूर देवाला चालत नाही म्हणाला. ती म्हणाली, "देव नसंना का. माजा नवरा तर हाय." तिने शेंदूर लावला, आणि दर अवसेला लावत राहिली. हळूहळू लोक नारळ आणायला लागले. धोंड्याचं नाव डाकोबा पडलं. पुढे गुरवही पाया पडायला येऊ लागला. आई गेल्यावर हे काम हिरूकडे आलं. थरावर थर चढून शेंदूर भाकरीहून जाड झाला होता.

आता तो नव्हता. धोंड्यावर एक बाण कोरलेला दिसत होता आणि त्याच्याखाली इंग्रजी अक्षरं. अक्षरांवरून पहारीचे पांढरे ओरखडे गेले होते. कान्हाने त्यांच्यावरून हात फिरवला आणि तो घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपीवाल्यांचा माग काढत तो कर्जतला कर्णिक वकिलांच्या ओसरीवर जाऊन उभा राहिला.

वकिलांनी गावात इतिहास मंडळ काढलं होतं. घाटाखालच्या दऱ्यांमध्ये पहिली टपाल ऑफिसं कुठे कुठे होती, याचा त्यांचा शोध चालला होता. ओसरीवर चार-पाच जण नकाशा पसरून बसले होते. कान्हाने आपण कोण ते सांगितलं, तसे वकील उठूनच उभे राहिले.

"तुझा बाप डाक न्यायचा? अरे, मग तू आमचाच माणूस! बस, बस. या सगळ्या दऱ्यांमधलं सगळ्यात जुनं टपाल ऑफिस तिथे होतं. दगडावर खूण सापडली आम्हाला. आणि लोक ते विसरून त्याला शेंदूर फासत बसले होते."

"इसरलं कोन?" कान्हा उभाच होता. "तुमी इसरलात, म्हनून तुमाला हुडकावं लागलं. आमी फासत बसलो ते इसरू नाय म्हनून."

कुणीतरी हसलं. वकील हसले नाहीत. कोपऱ्यातल्या टोपलीत वर्तमानपत्रावर शेंदराचे तुकडे ठेवलेले होते, ते त्यांनी पुढे ओढले.

"हे बघ, झाडाच्या खोडासारखे थर आहेत. आम्हीही जपूनच काढला."

सगळ्यात मोठा तुकडा परातीएवढा होता. त्याच्यावर वरून खाली ओढलेल्या बोटांच्या रेघा होत्या. तीन लांब आणि करंगळीशेजारची एक आखूड. कापणीत हिरूचं ते बोट विळ्याने अर्धं गेलं होतं. कान्हाने रेघांमध्ये आपली बोटं ठेवून पाहिली. ती मावली नाहीत.

"ह्यो मी नेतो."

"ने की. आम्हाला फक्त दगड हवाय. परवा कडावच्या नागूची गाडी सांगितली आहे. दगड इथे मंडळाच्या दारात उभा करू, पाटी लावू. तुझ्या बापाचं नाव घालू पाटीवर. मग तर झालं?"

बापाचं नाव कुठेही लिहिलेलं कान्हाने आजवर पाहिलं नव्हतं.

"आन् आयचं? हिरूचं?"

"त्या कशा येतील? त्या काही टपालात नव्हत्या."

"मंग धोंडा तितंच ऱ्हाईल," कान्हा म्हणाला. त्याने सगळे तुकडे उपरण्यात बांधले आणि तो पायऱ्या उतरला.

ठरल्या दिवशी गाडी घळीपर्यंत आली. पुढे छत्री घेतलेले वकील, मागे पहारी घेतलेले दोन मजूर, जुवाशी नागू. कान्हा धोंड्याला पाठ लावून, पाय पसरून बसला होता. बाप बसला होता तसाच.

"कान्हा, ऊठ. दगड सरकारी आहे, बाणाची खूण आहे त्याच्यावर."

"सरकारनं थैली नेली, वकीलसायेब. बाप मरत व्हता तवाच नेली, जरा बी थांबलं नाय. धोंडा आन् बाप हितं टाकून दिला. आन् आता धोंड्याची याद आली व्हय?"

"मला फौजदाराला आणावं लागेल."

"आना. म्हनावं जेवून ये. मी हितनं उटत नाय."

नागू खाली बघत म्हणाला, "कान्हादा, मी सबूद दिलाय रं सायबास्नी. माजी अडचन समजून घे."

"कुनी दिलाय सबूद?" मागून आवाज आला. नागूची बायको चंद्राबाई गवताचा भारा घेऊन वाटेवर उभी होती. "अवो, बैल कुनाचं?"

"आपलंच की."

"आपलं कुटलं! माज्या बापानं दिल्यालं हायत. हिरूनं माज्या पोरांसाठी हितं डोकं टेकलंय. माजं बैल डाकोबाला वढनार नाईत. तुमाला वढायचाय तर वढा. मी जू धरते, तुमी मान घाला."

मजूर खो खो हसले. एकाने पहार जमिनीवर टाकली आणि विडी काढली. नागूने मुकाट्याने बैल सोडले आणि ओढ्यावर पाण्याला नेले.

वकील बराच वेळ उभे राहिले. मग छत्री मिटवून ते खाली बसले. आता त्यांचा आवाज वेगळा होता. "निदान अक्षरं तरी उतरून घेऊ दे."

कान्हा एका अंगाला सरकला. "घ्या. पन तासू नका."

वकिलांनी धोंड्यावर कागद धरला, वरून कोळसा घासला. बाण आणि अक्षरं कागदावर उठली. जाताना त्यांनी धोंड्याला नमस्कार केला. टपाल ऑफिसला की डाकोबाला, हे कान्हाने विचारलं नाही.

सगळे गेल्यावर त्याने उपरणं सोडलं. तुकडे धोंड्यावर जिथल्या तिथे बसवले आणि सुंभाने आवळून बांधले. शुक्रा मोळी उतरवून बघत होता.

"सुंभ किती दिस धरंल? नवा शेंदूर फास वरून. सांधं भरतील."

कान्हाने शेंदूर तेलात कालवून आणला होता. वाटीत बोटं बुडवली, हात वर नेला. मग तो थांबला.

"वरून फासला तर हिची बोटं बुजतील."

शुक्राने मोळी उचलली आणि तो वाडीकडे गेला. खाली भिवपुरीचे विजेचे दिवे लागले होते. कान्हाने बोटांचा शेंदूर धोतराला पुसला.

त्यानंतर अवसा आल्या आणि गेल्या. दर अवसेला कान्हा वाटी घेऊन वर जातो आणि तशीच परत आणतो. सुंभ सैल झाला की आवळतो. पाऊस यायच्या आत सांधे भरायला हवेत. अजून भरलेले नाहीत.