नादिरशहाचं काम

सुप्रभा केळकरने ते नाटक लिहायला घेतलं तेव्हा ते मराठी मंडळासाठी नव्हतंच. नवरा अजय गेल्यापासून लंडनमधल्या हॅरोच्या घरात शनिवार-रविवार संपता संपत नसत, आणि टीव्ही लावला की कुठलं ना कुठलं शहर जळताना दिसे. ती शाळेत गणित शिकवायची, पण वाचायची इतिहास. एका हिवाळ्यात ती १७३९ सालच्या दिल्लीपाशी येऊन थांबली, आणि तिथून तिला पुढे जाता येईना.

इराणचा नादिरशहा करनालला मोगल फौजेचा धुव्वा उडवून दिल्लीत आला होता. लढायची ताकद न उरलेल्या बादशहाने त्याला पाहुणा म्हणून किल्ल्यात उतरवून घेतलं. मग शहरात अफवा उठली की नादिर मेला. लोकांनी त्याचे शिपाई गल्लीबोळात गाठून मारले. दुसऱ्या दिवशी सकाळी नादिर चांदणी चौकातल्या मशिदीत जाऊन बसला, त्याने तलवार उपसली, आणि ती पुन्हा म्यानात जाईपर्यंत त्या भागात दिसेल तो माणूस कापला गेला. दुपारी बादशहाच्या माणसांनी गयावया केली तेव्हा कुठे ते थांबलं.

सुप्रभाचं नाटक त्या एका सकाळचं होतं. त्यात झीनत नावाची एक बांगडीवाली होती. शेवटच्या प्रवेशात ती लपलेल्या जागेतून बाहेर येते आणि आपल्या गल्लीत एकेका दारासमोर उभी राहून हाक मारते. एकाही घरातून ओ येत नाही. ती हाका मारत राहते आणि अंधार होतो.

मंडळाचा अध्यक्ष उल्हास याने ते वाचलं आणि म्हणाला, "सुप्रभाताई, हे यंदाच्या कार्यक्रमाला करू या. किती वर्षं आपण तीच ती विनोदी नाटकं करतोय." तिला बरं वाटलं. उल्हासचा शब्द तिला मोडवतही नसे. अजय गेला तो कोविडच्या काळात. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना आत सोडत होते. उल्हास बाहेर पार्किंगमध्ये शेवटपर्यंत उभा राहिला होता आणि नंतर सगळी कागदपत्रं त्यानेच निस्तरली होती.

अडचण आली ती नादिरशहाची. मंडळातल्या चार-पाच जणांनी वाचून पाहिलं. सगळ्यांनी डोळे वटारले आणि गडगडाटी हसून दाखवलं. रीडिंगहून ट्रेनने यायचा तो आयटीतला यतीन तर इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या खोलीतल्या योगाच्या बाईंनी दार ठोठावलं.

"नादिर ओरडत नाही," सुप्रभा म्हणाली. "त्याला ओरडायची गरजच नाही."

"पण मग लोकांना कळणार कसं, तो व्हिलन आहे ते?" यतीनने विचारलं.

सुप्रभाच्या शाळेत बेहरूझ होता. एखादे शिक्षक आले नाहीत की त्यांच्या वर्गावर बसायचं, हे त्याचं काम. मूळचा तो इराणमधल्या मशहदचा, तिथे कॉलेजात नाटक शिकवायचा. एक नाटक सरकारला आवडलं नाही, नोकरी गेली, मग देश गेला. स्टाफरूममध्ये तो आणि सुप्रभा खिडकीजवळ बसून चहा प्यायचे. तो तिला आदराने 'सुप्रभा खानूम' म्हणायचा, म्हणजे सुप्रभाबाई. एक दिवस तिने नाटकाची गोष्ट सांगितली तशी त्याने कप खाली ठेवला.

"नादिरची कबर आमच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ होती," तो इंग्रजीत म्हणाला. "वर त्याचा घोड्यावरचा पुतळा. लहानपणी मला तोच व्हायचं होतं."

"आणि दिल्ली? दिल्लीबद्दल काय शिकवायचे तुम्हाला?"

त्याने बराच वेळ आठवून पाहिलं. "एक ओळ होती. हिंदुस्थान जिंकून आल्यावर त्याने इराणच्या लोकांचे तीन वर्षांचे कर माफ केले. परीक्षेत हमखास विचारायचे."

"त्या ओळीखाली काय आहे ते मी लिहिलंय," सुप्रभा म्हणाली.

"मग ते मला करू दे."

भाषेची भीती होती, पण ती फार टिकली नाही. सुप्रभा एकेक वाक्य म्हणायची आणि बेहरूझ ते फारसी लिपीत लिहून घ्यायचा. हुकूम, शहर, खजिना, दरवाजा, हजार, जखम. दर दोन ओळींनी तो वर बघून हसायचा. "अर्धं तर मला येतंच. तुझ्या या इंग्रजी इतिहासाच्या पुस्तकातले पेशवा कोण?"

"ते आमचे."

"शब्द आमचा आहे."

"शब्द घ्या परत," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी दोघंही पोट धरून हसली.

तालमी शाळेच्या हॉलमध्ये सुरू झाल्या. झीनतचं काम वेम्बलीच्या ईशिताकडे होतं. ती इथेच जन्मलेली, रोमन लिपीत मराठी वाचणारी, पण आवाज असा की ऐकणाऱ्याने हातातलं काम थांबवावं. बेहरूझ मशिदीच्या प्रवेशात नुसता बसायचा. तलवार मांडीवर आडवी. पलीकडून किंकाळ्या यायच्या आणि तो एक डाळिंब सोलत राहायचा, दाणा दाणा वेगळा करून, एकही न सांडता. डाळिंब त्याने स्वतःच सुचवलं होतं. पहिल्यांदा त्याने ते केलं तेव्हा बादशहाच्या वजिराचं काम करणारे गृहस्थ आपलं वाक्य विसरले. ईशिता बाहेर जाऊन पाणी पिऊन आली.

"मावशी, मला त्याचा खूप भीती वाटते," ती म्हणाली, "आणि तो तर मला लिफ्ट पण देतो घरी."

तालीम आटोपल्यावर बेहरूझ एकटाच खुर्च्या रचत होता. सुप्रभा मदतीला गेली तेव्हा तो म्हणाला, "मी आईला फोनवर सांगितलं, मी नादिर करतोय. तिला फार आनंद झाला. दिल्लीचं मी सांगितलं नाही."

प्रयोगाला महिना उरला असताना उल्हास तालीम बघायला आला. शेवटचा प्रवेश संपला. मग त्याने सुप्रभाला बाजूला नेलं.

"ताकद आहे, ताई. प्रश्नच नाही. पण माणूस तिकीट काढून येणार, मुलांना घेऊन येणार, आणि शेवटी काय बघणार? एक बाई हाका मारतेय."

"तेच तर नाटक आहे."

"हो, पण मराठे कुठेत यात? मराठी मंडळाचं नाटक आणि मराठ्यांचं नावही नाही. बाजीराव तेव्हा उत्तरेकडे निघायच्या तयारीत होता, हे खरं ना?"

"तयारीत होता. पोचला नाही. नादिर लूट घेऊन आपला आपण निघून गेला."

"मग तेवढंच दाखवा की. एक छोटा प्रवेश. तुमच्या मुख्य नाटकाला धक्का न लावता."

तिने रात्रभर विचार केला नाही, फार वेळही लावला नाही. एक छोटा प्रवेश दिला तर बाकीचं वाचेल, असं तिला वाटलं. तिने बाजीरावाचा प्रवेश लिहिला. पुढच्या आठवड्यात कमिटीचं म्हणणं आलं की शेवट बाजीरावावर व्हावा, झीनतच्या हाका आधी घ्याव्यात. त्याच्या पुढच्या आठवड्यात, की हाका फार लांबतात. ईशिता तिच्यापुढे कागद घेऊन उभी राहिली. "मावशी, माझी सीन कुठे गेली?"

"थोडा कमी केलाय, ईशिता."

"थोडा नाही. आता फक्त दोन दार आहेत."

सुप्रभाने तिचं व्याकरण दुरुस्त केलं नाही.

मग एका संध्याकाळी उल्हास घरी आला, येताना ईलिंग रोडवरून मिठाईचा बॉक्स घेऊन. बसला, चहा घेतला, तब्येतीची चौकशी केली.

"नादिरचं काम यतीनला देऊ या," तो म्हणाला.

"का?"

"मला व्यक्तिशः काही नाही. बेहरूझ सज्जन माणूस आहे. पण ग्रुपवर काय काय चाललंय ते तुम्ही वाचत नाही. बाहेरचा माणूस, त्यातून इराणी, सध्या बातम्या कशा आहेत. लोक विचारतात, आपल्यात कोणी नट नाहीत का? आणि खरं सांगू, तो नादिर करतो तेव्हा त्याच्यावरून नजर हटत नाही. बाजीराव आला तरी लोकांच्या डोळ्यांसमोर तोच राहील."

"तो चांगलं काम करतो म्हणून काढायचं?"

"असं कशाला म्हणता?" उल्हासला खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. "नाटक तुमचं आहे, ताई. तुम्ही नाही म्हणालात तर मी कमिटीला तसं सांगेन. मग हॉलचं वगैरे तुम्हाला बघावं लागेल. मंडळ मग यात नसेल, इतकंच."

भिंतीवर अजयचा फोटो होता. उल्हास तिकडे बघत नव्हता, पण सुप्रभाची नजर तिकडे गेली आणि तिला ते पार्किंग आठवलं. "मी बोलते बेहरूझशी," ती म्हणाली.

ती धड बोललीही नाही. स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी तिने सांगितलं की कमिटीचे काही नियम आहेत, काम करणारा मंडळाचा सभासद लागतो, तिलाही आत्ताच कळलं.

"मग मी सभासद होतो," बेहरूझ म्हणाला.

"त्याची मुदत संपली."

तो तिच्याकडे बघत राहिला. तो मोठ्याने काही बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं. पण मशिदीच्या प्रवेशात बसायचा तसाच तो बसला होता. "बरं," तो अखेरीस म्हणाला. "डाळिंब ठेव. ते त्यांना वापरू दे."

डाळिंब यतीनला जमलं नाही. रस अंगरख्यावर सांडायचा. ते काढून टाकलं.

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरला होता. जिन्यावरही माणसं होती. यतीनने डोळे वटारले, गडगडाटी हसला, आणि पोरांनी पहिल्याच वाक्याला त्याची हुर्यो उडवली. झीनतने दोन दारांवर हाका मारल्या. तिसरी हाक ईशिताने आपल्या मनाने मारली, नाटकात नसलेली. पण तोवर विंगेतून ढोल सुरू झाला होता आणि ती कोणाला ऐकू गेली नाही. बाजीराव आला. पांढरं पागोटं, कमरेला शेला. लोक उठून उभे राहिले.

सैनिक मात्र पुरेसे नव्हते. ते आधीच ठरलं होतं आणि ठरवलं होतं सुप्रभानेच: चांदणी चौकात मेलेली माणसंच पुढे मराठ्यांची फौज म्हणून घ्यायची. अंधार करून त्यांना मागे न्यायचं होतं. पण दिवे लावणाऱ्याला ढोल ऐकून भान राहिलं नाही, त्याने अंधार केलाच नाही. दिल्लीची प्रेतं लख्ख उजेडात उठली, अंगावरची धूळ झटकली, पालथ्या पडलेल्या म्हाताऱ्याने झीनतला बाजूला सारून तलवार उचलली, आणि सगळे मिळून "हर हर महादेव" म्हणाले. हॉल दणाणून गेला. कोणाला काही खटकलं नाही. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या.

शेवटच्या रांगेत बेहरूझ बसला होता. तिकीट काढून आला होता. सुप्रभाने त्याला पाहिलं तेव्हा तो कोट घालत होता.

उल्हासने तिला स्टेजवर बोलावून शाल दिली. ती हसली, फोटो काढून घेतले. ईशिता फोटोत आली नाही.

सोमवारी शाळेत ती मुद्दाम खिडकीजवळ जाऊन बसली. बेहरूझ आला, कपाटातून वह्यांचा गठ्ठा घेतला.

"बेहरूझ, मला बोलायचं होतं."

"अभिनंदन. खूप लोक होते."

"मी तुला खोटं सांगितलं. सभासदाचं."

"मला माहीत आहे. मी मंडळाच्या वेबसाइटवर बघितलं होतं त्याच दिवशी." त्याच्या आवाजात राग नव्हता. "आमच्या पुस्तकात दिल्लीवर एक ओळ तरी होती. तुमच्या नाटकात तर कोणी मेलंच नाही. हे जास्त चांगलं आहे बहुतेक. मुलं बघायला येतात." मग तो दाराकडे वळला. "वर्गावर जायला उशीर होतोय, मिसेस केळकर."

त्यानंतर तो तिला कायम मिसेस केळकर म्हणाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला ग्लासगोला नोकरी लागली. निरोपाचं कार्ड स्टाफरूमभर फिरलं. सुप्रभाच्या हातात ते आलं तेव्हा कोपऱ्यात थोडीशीच जागा उरली होती. तिला बरंच लिहायचं होतं. तिने 'ऑल द बेस्ट' लिहिलं आणि खाली सही केली.

नाटकाचं बोलावणं रीडिंगहून आलं, मग लेस्टरहून. झीनतचं काम आता दुसऱ्याच मुलीकडे होतं. रीडिंगच्या तालमीत ढोल जरा उशिरा वाजतोय असं सुप्रभाच्या लक्षात आलं. तोवर लोकांचा उत्साह विरून जाईल. तिने तालीम थांबवली आणि पडलेल्या माणसांना सांगितलं, "तुम्ही थोडं आधी उठा. झीनतची दुसरी हाक संपायची वाट बघू नका." त्यांनी तसं केलं. ते जास्त परिणामकारक झालं. यतीनने तिला अंगठा दाखवला.

प्रयोगानंतर पार्किंगमध्ये उल्हास तिला गाडीपर्यंत सोडायला आला. खुशीत होता.

"पुढच्या वर्षीचं डोक्यात घ्या आत्तापासून, ताई. मी म्हणतो, अटक. आपली फौज थेट अटकेपर्यंत जाते, तो काळ."

"पानिपतावर लिहावं असं माझ्या मनात होतं," सुप्रभा म्हणाली.

"पानिपत नको. त्यात आपण हरतो."

तिने गाडीचं दार उघडलं, इथेही मिळालेली शाल मागच्या सीटवर टाकली.

"बघते," ती म्हणाली.