काठोकाठ चहा

"हे घे पाकीट," म्हणत कादिरकुलनं माझ्या टेबलावर लठ्ठ पिवळं पाकीट आपटलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "चार वीस. मुदत पाचची ना?"

"हो, बायके," थोरल्या भावाला मानानं म्हणतात तसं मी म्हटलं. "बसा की. नानचा तुकडा न मोडता दारातून परत जाणार का?"

बसला. न बसून सांगतो कुणाला? अन्न पुढं केल्यावर उठून जाणारा किरगिझ मी तरी पाहिला नाही.

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन आंघोळ घालणं, जेवू घालणं नगरपालिकेला झेपेना. म्हणून कादिरकुलच्या संस्थेसारख्या बाहेरच्या संस्थांकडून अर्ज मागवले होते. म्हाताऱ्यांच्या यादीत एकशे बारा नावं. पाकिटं घेणारी कारकून मी, सोनुन. पाकीट नुसतं टेबलावर ठेवून भागत नाही. आणणाऱ्यानं नोंदवहीत स्वतः वेळ लिहून सही केली, तरच ते पोचलं. दारावर हे बोटभर अक्षरांत लावलंय. पण दारावरचे कागद कादिरकुलचे नोकर वाचतात, आणि आज नोकर रजेवर होता. नोंदवही त्याच्या कोपराशीच पडली होती.

त्यानं मला ओळखलं नाही. तीन वर्षांपूर्वी मी चार दिवस इस्पितळात होते, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी. भाऊ रशियात. याच्या संस्थेची बाई रोज दुपारी आईकडं जाणार, असं ठरलेलं. आई मंगळवारी चुलीपाशी पडली. शुक्रवारी दार उघडलं ते मीच. डॉक्टर म्हणाले, बुधवारी सकाळीच गेली असेल. आणि संस्थेच्या कागदावर बुधवारी, गुरुवारी लिहिलेलं: जेवली, प्रकृती उत्तम. खाली झोकदार सही. मी जाब विचारायला गेले, तर हा म्हणाला, "म्हातारी माणसं मरायचीच, बाई."

मी पेल्यात दोन घोट चहा ओतला. पाहुण्यानं बसावंसं वाटलं की थोडा थोडाच ओततात.

"जर्दाळूचा मुरांबा घ्या ना. घरचाय."

"वा! हाताला चव आहे तुझ्या."

"तुमची नवी गाडी बघितली, बायके. पांढरी."

मग काय, गाडी, लेकीचं लग्न, लग्नाच्या मेजवानीला कापलेला घोडा, सगळं आलं. मी "अगंबाई!" म्हणत होते आणि दोन-दोन घोट ओतत होते. खरं सांगते, इतका गोड चहा मी जन्मात प्यायले नव्हते.

पाच वाजून एक मिनिट झालं. मी त्याचा पेला काठोकाठ भरला.

तो हसला. "अगं, हाकलतेस की काय? भरलेला पेला देतेस!"

"हो. ते पाकीटही न्या. वहीत तुमची सही नाही. मुदत संपली."

त्याचा चेहरा उतरला. "तू बोलली का नाहीस?"

"दारावर लिहिलंय."

"एका सहीसाठी? तुझी नोकरी घालवीन मी!"

"घालवा. मेलेल्या बाईला जेवू घातल्याची सही तुमच्याकडं होते. समोर बसून स्वतःची एक जमली नाही? बुरुल आपाची मुलगी मी. चुलीपाशी सापडली ती."

पाकीट काखेत मारून तो चहा तसाच टाकून गेला. मी खिडकीतून त्याची गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत पाहिली.

आमच्या साहेब चोलपोनबाई आत आल्या. "पाकिटं किती आली गं?"

"दोन."

"तीन तरी लागतात! आता सगळं रद्द. नवे अर्ज मार्चमध्ये. तोवर म्हाताऱ्यांकडं कोण जाणार?"

तीनचा नियम मला पाठ होता. आज तेवढाच आठवला नाही. की आठवला होता? देव जाणे.

पश्चात्ताप? छे! पुन्हा आला तर पुन्हा चहा पाजीन. पण यादी पर्समध्ये घालूनच निघाले, आणि वाटेवरच्या पहिल्या घराचं दार वाजवलं.

"उघडंच आहे," आतून क्षीण आवाज आला. उल्कान आपा, वय सत्त्याऐंशी. खोलीत कुबट वास. "नगरपालिकेची का गं तू?"

"नाही, आपा. अशीच आले."

"बरं झालं. तेवढं पाणी दे आधी. सकाळपासून हाका मारतेय."