मुन्यूचा मागे वळलेला कान

मित्रांनो, मला हातात घ्याल तर वजन असं काही लागणार नाही. चहाच्या खोक्याचं झाकण होतो मी, आता नुसता एक जुना पुठ्ठा आहे. माझ्या एका अंगाला हिरव्या पानांचं चित्र आणि परक्या लिपीतली चार अक्षरं आहेत. दुसऱ्या अंगाला एक प्राणी आहे. माझ्यावर उतरण्याआधी तो प्राणी जगात कुठंच नव्हता. रानात नव्हता, नदीत नव्हता, गोष्टींतही नव्हता. माझ्या कडा वाळवीनं कुरतडल्या आहेत, धुरानं मी काळवंडलो आहे, पण त्याचे दोन कान अजून स्पष्ट दिसतात. एक पुढं, एक मागं. त्या मागच्या कानापायी मी जितका घाबरलो, तितका पावसालाही कधी घाबरलो नाही. आणि पुठ्ठ्यानं पावसाला किती घाबरावं, हे तुम्हाला सांगायला नको.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. जहाजाचं डुलणं आठवतं, मग ट्रकचे धक्के, मग सिराबुगु गावातल्या दुकानाची फळी. चहा संपला आणि मी शेगडीला वारा घालू लागलो. रिकाम्या खोक्याच्या नशिबी दुसरं काय असणार! त्याच कामात मी एक दिवस जळून गेलो असतो. पण तेनिननं मला उचललं.

तेनिन कुलिबाली बावीस वर्षांची होती. भोपळ्याच्या वाडग्यांवर तापलेल्या सळईनं ती नक्षी काढायची. तिचा हात स्थिर होता आणि मन मात्र सदा थरथरतं. दाराची कडी लावली की नाही हे ती तीनदा पाहायची. अशा मुलीच्या गळ्यात गावानं ते काम घातलं.

जोलिबा नदीच्या काठच्या गावांत बाजरीची कापणी झाली, की लाकडी डोक्यांचे प्राणी मैदानात नाचतात. गवताच्या अंगाखाली तरुण पोरं असतात, बायका गातात, ढोल वाजतात. जुने प्राणी असतातच, पण दरवर्षी एक तरी नवा निघावा लागतो. मागच्या वर्षी सिराबुगुनं रानम्हैस काढली, तेव्हा नदीपलीकडचे लोक म्हणाले, "ही तर आमचीच म्हैस. तुमच्याकडे येऊन वाळली बिचारी." ते हसणं वर्षभर गावाच्या कानात राहिलं.

म्हणून यंदा तरुण मंडळाच्या बैठकीत मंडळाचा प्रमुख मादू म्हणाला, "प्राणी असा पाहिजे की कुणी बघितलेला नसेल. तेनिन, तू काढ. आजवर हे काम बाईच्या हातात दिलेलं नाही, हे ध्यानात ठेव. गाव हसलं, तर पुढं कधी देणारही नाही."

तेनिननं मान डोलावली. घरी आल्यावर तिनं मला मांडीवर घेतलं, आणि कोळशाचं टोक माझ्यावर टेकवण्याआधी किती वेळ गेला म्हणून सांगू.

पहिले चार दिवस तिनं काढलं आणि थुंकी लावून पुसलं. माझं अंग खरखरीत झालं. त्यात येणारा जाणारा डोकावायचा. मादूला सिंहाचे सुळे हवे होते. ढोल वाजवणाऱ्याला कपाळावर आरसा हवा होता. तिची आत्या वोरोकिया म्हणाली, "कानात डूल घाल गं. बोडक्या कानाचा प्राणी कुणाच्या घरचा वाटेल?"

"आत्या, तो प्राणी आहे. नवरी नाही."

"तुझ्या लग्नात तरी मला कुठं डूल बघायला मिळणार आहेत? प्राण्याच्या तरी बघू दे."

तेनिननं सगळ्यांचं ऐकलं. सुळे काढले, आरसा काढला, डूलही काढले. आणि मग ते सगळं एकदम पुसून टाकलं. मला वाटलं, आता मला चुलीत घालते. पण तिनं मला भिंतीशी उभं केलं आणि हळू आवाजात, एखाद्या मैत्रिणीला सांगावं तसं सांगितलं.

ती सहा वर्षांची असताना सरपण गोळा करून बायकांच्या मागून येत होती. वाळूचं वादळ उठलं. पुढची माणसं दिसेनाशी झाली. तिनं हाका मारल्या, पण वाऱ्यात कुणाला ऐकू जाणार? सगळ्यात पुढं मोळ्या लादलेलं एक गाढव होतं. तांबूस धुळीतून तिला त्याचे कान तेवढे दिसत होते. त्यातला एक कान मागं वळला. मग गाढव थांबलं. मालकानं काठ्या घातल्या, तरी हललं नाही. ती पोचेपर्यंत ते तिथंच उभं होतं.

"हे कुणाला सांगायचं नाही," तेनिन मला म्हणाली. "गाढवावरून प्राणी काढला म्हणतील."

मग हात असा चालला की मला गुदगुल्या झाल्या. हरणाची मान, सशाचं नाक, कपाळावर निळीनं ओढलेला पट्टा, अंगाला चिकटवलेल्या लाल आणि पांढऱ्या कापडाच्या चिंध्या. उजवा कान पुढं आणि डावा मागं. तिनं त्याचं नाव मुन्यू ठेवलं. तिच्या भाषेत मुन्यू म्हणजे धीर. सळई तापवताना ती गुणगुणू लागली:

पुढं पुढं पाय याचे, मागं याचा कान,
मागं कुणी हाक मारी, थांबे सारं रान.

मंडळानं मला हातोहात फिरवून पाहिलं. मादूनं डोकं खाजवलं. "असा प्राणी कुठं नाही, हे खरं. चांगला आहे की नाही, ते मैदानात कळेल." म्हणजे होकारही पुरा नाही. त्या दिवशी तेनिन जेवली नाही.

आता लाकडी डोकं कोरून घ्यायला मला मूर्तिकाराकडे जायचं होतं. तो त्येमोको बालो, नदीपलीकडचा म्हातारा लोहार. लोखंड आणि लाकूड दोन्हीत त्याचा हात चाले. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं, आणि फोन तो ठेवत नसे. निरोप तोंडीच पाठवावा लागणार होता. तेनिननं स्वतः जायला हवं होतं. पण म्हातारा विचारेल, कान मागं का? मग काय सांगायचं? या भीतीनं तिनं मळणीच्या स्वयंपाकाचं निमित्त काढलं, आणि मला रोज नदीपार दूध विकायला जाणाऱ्या कुम्बा जालोच्या हाती दिलं.

"कुम्बामावशी, एवढंच सांग. डावा कान मागं आहे, तो तसाच मागं ठेवायचा. सरळ करायचा नाही."

"सांगते की. एवढंसं तर आहे."

मित्रांनो, इथंच चूक झाली. कुम्बा फुलानी होती, गाई पाळणाऱ्या जमातीतली. फुलानी आणि लोहार यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांची थट्टा चालते. भेटलं की टोमणे मारायचे, राग धरायचा नाही आणि बोललेलं मनावर घ्यायचं नाही. कुम्बानं उभ्या जन्मात त्येमोकोबाबांना एक सरळ वाक्य ऐकवलं नव्हतं. तेनिनला हे माहीत नव्हतं असं नाही. पण घाबरलेल्या माणसाला समोरचंसुद्धा दिसत नाही.

"अजून जिवंत आहेस का रे, कोळशा?" कुम्बानं भट्टीपाशी पाय ठेवताच विचारलं.

"तुझं दूध पितो ना. नुसतं पाणी. पाण्यानं कुणी मरत नाही."

"माझ्या आजोबांनी तुझ्या आजोबाला दह्याच्या एका मडक्यात विकत घेतलं होतं. मालकीण दारात आली, तर बसायला तरी दे."

"बस की. तुझी गाय बसते तशी."

असं बराच वेळ चाललं. मग कुम्बानं मला पुढं केलं. बाबांनी मला उजेडाकडे धरलं. त्यांची बोटं खडबडीत होती, पण माझी कड त्यांनी मुडपली नाही.

"ऐक," कुम्बा म्हणाली. "हा डावा कान मागं आहे ना, तो मागंच ठेव. सरळ करू नकोस."

बाबा हसले. हसता हसता खोकला लागला. "बरं झालं तू सांगितलंस. मी विचारात पडलो होतो, की पोरीचा हात हलला की काय. आता खात्रीच पटली."

"अरे, खरं सांगतेय."

"फुलानी आणि खरं?"

"माझ्या गाईची शपथ."

"कुठल्या? ज्या चोरल्यास त्यांतल्या का?"

कुम्बालाही हसू आलं. तिनं भांडं डोक्यावर घेतलं आणि निघून गेली. मला बाबांनी खिळ्याला टांगलं.

तिथून मी सगळं पाहिलं. सावरीच्या हलक्या लाकडाचा ओंडका आला. लाकूड तासायचा वाकस चालू लागला. मान आली, नाक आलं, अगदी माझ्यावर आहे तसं. रोज सकाळी मी मनात म्हणायचो, आज कानाला हात लावू नका, आज नको. उजवा कान झाला. मग एका दुपारी बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मायेनं मान हलवली, जशी लेकराचं चुकलेलं अक्षर पाहून हलवावी, आणि डावा कान पुढं कोरायला घेतला. ढलप्या माझ्या अंगावर उडत होत्या. मला तोंड असतं, तर मी त्या दिवशी ओरडलो असतो.

नाचाला चार दिवस राहिले असताना तेनिन होडीतून आली. तिचे ओले पाय वाळूनं माखलेले होते.

"काय गं, चवळीखाऊ," बाबा म्हणाले. कुलिबाली आडनावाचं कुणी दिसलं की चवळीवरून चिडवायचं, ही तिथली रीत. "पोट फुगलं म्हणून आलीस?"

याला उलट उत्तर असतं. तुमचं घर रात्री पांघरुणात लपून चवळी खातं, असं काहीतरी. तेनिननं ते दिलं नाही. बाबांचा हात थांबला.

"बाबा, कान."

"छान बसलेत की."

"दोन्ही पुढं आहेत."

"मग कान कुठं असतात?"

"मी निरोप पाठवला होता. कुम्बामावशी म्हणाली, सांगितलं, खूप हसले. आत्यानं ते ऐकलं आणि कपाळावर हातच मारला."

बाबांनी वाकस खाली ठेवला. "लोहाराला द्यायचा निरोप फुलानीच्या तोंडी पाठवलास. पोरी, तू स्वतः का नाही आलीस?"

"तुम्ही विचाराल म्हणून."

"काय?"

"कान मागं का ते."

"मग आता विचारतो."

तिनं सांगितलं. वाळू, हाका, मोळ्या, काठ्या. गाढव हा शब्द तिनं इतका हळू उच्चारला, की भट्टीच्या धगीतच विरला असता. पण बाबांनी ऐकला. त्यांनी थट्टा केली नाही. लाकडी डोक्याजवळ जाऊन त्यांनी कानाच्या मुळाशी अंगठा फिरवला.

"कापून वेगळा करावा लागेल. लाकूड वाळलंय. चीर पडली तर गालात उतरेल, मग हे डोकं संपलं. दुसरं होण्याइतके दिवस नाहीत. दोन्ही कान पुढं असले तरी प्राणी वाईट नाही गं. कुणी हसणार नाही."

तेनिन माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं, ते मला कळत होतं. मादू, मैदान, पुन्हा कधी बाईच्या हाती न येणारं काम. डोकं असंच सोडलं तर सगळं सुखरूप होतं. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"कापा," ती म्हणाली.

करवत लागली. चीर पडली. ती डोळ्याखाली दोन बोटं उतरली, आणि तेनिननं तोंडावर हात दाबला. चीर तिथं थांबली. बाबांनी श्वास सोडला, डिंकानं ती बुजवली, वर पत्र्याची पट्टी ठोकली. मग कानाच्या मुळाशी लोखंडी खिळा बसवला आणि कान फिरवून पाहिला. तो पुढं यायचा, मागं जायचा. बाबा म्हणाले, "दोरी बांधतो. आतल्या पोरानं ओढली की वळेल. कायमचा मागं ठेवण्यापेक्षा वळताना दिसू दे."

डोकं होडीतून गेलं. मी खिळ्यालाच राहिलो. मला न्यावं असं कुणाला सुचलं नाही, आणि का सुचावं? बाबांचे गुडघे सुजले होते, तेही गेले नाहीत. त्या दुपारी पाण्यावरून ढोल ऐकू येत राहिले. मध्येच थांबले. आम्ही दोघं कान देऊन बसलो. हसण्याचा आवाज होता का तो? वारा फिरला, आणि काहीच कळेना.

दुसऱ्या सकाळी कुम्बा आली.

"काय सोंग घडवलंस रे, कोळशा," ती लांबूनच म्हणाली. "नाकच कापलंस गावाचं. लोकांना इतकी किळस आली, की त्याला सात वेळा मैदानभर फिरवलं. बायकांना गाणं इतकं नकोसं झालं, की सूर्य बुडेपर्यंत सोडेनात. आणि तो मादू त्या तेनिनला म्हणतो, पुढच्या वर्षी पुन्हा तूच काढ. शिक्षाच ती."

बाबांच्या गालावरच्या सुरकुत्या हलू लागल्या. "वाईट झालं," ते म्हणाले. "फार वाईट. आणि कान?"

कुम्बानं टोमण्यासाठी तोंड उघडलं. पण टोमणा आला नाही. तिनं भांडं खाली ठेवलं.

"सगळ्यात मागं उभी होते मी. परगावची, दूधवाली. मला कोण पुढं येऊ देणार? आणि ढोल मध्येच थांबले, कान वळला, त्येमोको. माझ्याकडे वळला."

बाबांनी सरकून तिला बसायला लाकडी पाट दिला.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. पुठ्ठा किती दिवस टिकणार? पण कुणाच्या हातून आलेला एखादा कान तुम्हाला वाकडा वाटला, तर वाकस उचलण्याआधी त्या माणसाला विचारा. आणि तो कान तुमचा असेल, तर भीती वाटली तरी स्वतः जा, आणि तो मागं का आहे ते स्वतःच्या तोंडानं सांगा.