पाच बातम्या आणि एक कोपरा

मित्रांनो, मी जुना फळा आहे, पण माझ्यावरच्या बातम्या ताज्या असतात. हे मी फुशारकीने सांगत नाही. चार मजल्यांच्या आमच्या इमारतीत कुणालाही विचारा.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. प्लायवूडचा तुकडा, सागाची चौकट आणि काळ्या रंगाचे तीन हात. बावीस वर्षं मी एका शाळेत गणितं अंगावर घेतली. मग शाळेत पांढरे गुळगुळीत फळे आले आणि मला सायकलींच्या शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून उभं केलं. शिक्षा झाल्यासारखा मी तिथे दोन वर्षं उभा होतो. ओलीने माझी डावी बाजू फुगली. ती अजून तशीच आहे.

एकदा शाळेची वायरिंग दुरुस्त करायला एक वायरमन आले. त्यांनी मला वळवून बघितलं, बोटाने टकटक केली आणि मागून घेतलं. शिडीला आडवा बांधून त्यांनी मला इमारतीत आणलं आणि जिन्याखाली मीटरच्या पेट्यांशेजारी टांगलं.

"हे आणि कशाला?" त्यांच्या बायकोने विचारलं. सगळी इमारत त्यांना काकू आणि वायरमनना काका म्हणायची.

"बातम्या लिहीन."

"जिन्यात? वाचणार कोण?"

"लिफ्ट नाहीये आपल्याकडे. चढायच्या आधी माणूस दम खायला थांबतोच. थांबला की वाचेल."

काकांचं म्हणणं खरं ठरलं. दर रविवारी सकाळी ते स्टुलावर उभे राहून पाच बातम्या लिहीत. एक नव्या यंत्राची, दोन विजेच्या, एक जगातली आणि पाचवी त्यांना आवडेल ती. कुठे समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या, कुठे बस बॅटरीवर धावू लागली, कुठे निवडणूक झाली, कुठे एका झाडाच्या फांदीने अख्ख्या शहराची वीज घालवली. आठवडाभर वाचलेल्या वर्तमानपत्रांतून ते निवड करत. लिहून झालं की एकेक ओळ मोठ्याने वाचत आणि काकू खाली वर्तमानपत्र हातात धरून ताडून बघत.

तरी चूक राहायचीच. म्हणून काकूंनी माझ्या उजव्या खालच्या कोपऱ्यात निळ्या खडूने एक चौकोन आखला. मागच्या बातमीत काही चुकलं असेल तर ते त्या चौकोनात येई. काकू ते स्वतः लिहीत आणि शेवटी हमखास एक वाक्य जोडत, "वायरमन घाईत होते."

लोकांना पाच बातम्यांपेक्षा तो कोपरा जास्त आवडायचा. रविवारी ते बातम्या वाचत. बाकीचे दिवस जाता-येता फक्त कोपऱ्याकडे बघत. तिथे नवं काही नसेल तर रविवारचं सगळं बरोबर आहे, असं त्यांनी धरून चालायचं. तशी पद्धतच पडली होती.

मग काकू आजारी पडल्या आणि तीन आठवड्यांत गेल्या.

महिनाभर मी कोरा होतो. कोपरा तेवढा भरलेला होता. त्यात काकूंनी लिहिलं होतं, "पवनचक्कीचं पातं साठ फूट नाही, साठ मीटर आहे. वायरमन घाईत होते."

काका पुन्हा लिहू लागले, पण तो कोपरा त्यांनी पुसला नाही. फळा पुसताना डाव्या हाताचा पंजा त्याच्यावर धरायचे आणि उजव्या हाताने बाकीच्या भागावर फडकं फिरवायचे. असे अकरा महिने गेले. पानं धरायला कोणी नव्हतं, म्हणून वर्तमानपत्र घरीच राहायचं. काका आठवेल तसं लिहायचे.

एका रविवारी त्यांनी लिहिलं, "सबस्टेशनमध्ये नवा ट्रान्सफॉर्मर. गुरुवारी दहा ते चार वीज बंद."

मंगळवारी संध्याकाळी त्यांचा कामावरचा जुना जोडीदार सायकलवरून जाताना थांबला. "काय मग, येताय ना उद्या ट्रान्सफॉर्मर बघायला?"

"उद्या? परवा ना?"

"उद्या, बुधवारी! पेन्शनीत वारसुद्धा विसरायला लागलात की काय?"

तो हसत निघून गेला. काकांनी इकडेतिकडे बघितलं. अंगठ्याने 'गुरु' पुसलं आणि तिथे 'बुध' लिहिलं. खडू खिशात टाकला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. चूक सुधारली होती आणि कुणाला कळलीही नव्हती.

मला मात्र बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो. तिसऱ्या मजल्यावर कपडे शिवणारी ताई राहते. तिचे वडील, अण्णा, ऑक्सिजनच्या यंत्रावर असतात. वीज नसेल तेव्हा त्यांना सिलिंडर लागतो.

तेवढ्यात तीच ताई कापडाचं गाठोडं घेऊन आली. माझ्या कोपऱ्याकडे एक नजर टाकली आणि चढू लागली.

काकांनी विचारलं, "अगं, अण्णांच्या सिलिंडरचं काय केलंस?"

"सांगितलाय ना. दुकानदार गुरुवारी सकाळी आठला आणून देतो म्हणालाय."

"वीज उद्या जाणार आहे. मी बदललंय फळ्यावर. बघितलं नाहीस?"

ताईचा चेहरा उतरला. "मी कोपरा बघितला, काका. कोपऱ्यात अजून काकूंचंच अक्षर आहे."

काका पायरीवरून उठले. त्यांनी तिच्या हातातलं गाठोडं घेऊन खाली ठेवलं. "तू दुकानदाराला फोन लाव. आजच पाहिजे म्हणून सांग. तो येत नसेल तर आपण आणू, माझ्या जोडीदाराला हाक मारतो. जा."

ताई फोन लावत बाहेर गेली. काका माझ्यासमोर उभे राहिले. काकूंची ती दोन वाक्यं त्यांनी एकदा मोठ्याने वाचली, रविवारी वाचायचे तशी. मग फडकं न घेता हातानेच कोपरा पुसला. तिथेच लिहिलं,

"रविवारी गुरुवार लिहिलं ते चूक. वीज उद्या, बुधवारी दहा ते चार बंद. वायरमन घाईत होते."

मग ते चारही मजले चढले आणि प्रत्येक दारावर सांगून आले. सिलिंडर रात्रीच्या जेवणाआधी तिसऱ्या मजल्यावर पोचला. सायकलवरून, एकाने ढकलत आणि दुसऱ्याने धरून. बुधवारी दहाला वीज गेली. अण्णांनी दुपारी खिडकीतून विचारलं म्हणे, "वायरमन, साठ मीटरचं काय झालं?"

"पुसलं!" काकांनी खालून सांगितलं.

पुढच्या रविवारी ताई वर्तमानपत्र घेऊन स्टुलाशेजारी उभी राहिली. काका एकेक ओळ वाचत होते आणि ती ताडून बघत होती. दोन चुका सापडल्या.

मित्रांनो, माझ्यासारखा फळा तुमच्याकडे असेल तर त्याला ओलीत ठेवू नका, भिंतीकडे तोंड करून तर मुळीच नाही. आणि त्याच्यावर काही लिहिलंत तर दुरुस्तीसाठी एक कोपरा मोकळा सोडा. तो कितीही प्रिय अक्षराने भरलेला असला, तरी वेळ आली की पुसा. माझा कोपरा आता दर आठवड्याला पुसला जातो. काकूंनीही तेच केलं असतं.