उन्हाशी वैर

रमाकांत पिंपळापुरे मूळचे नागपूरचे, आणि नागपूरच्या माणसाचा जन्माचा वैरी एकच, ऊन. लखनौला येऊन बरीच वर्षं झाली, सरकारी कंपनीत सिव्हिल इंजिनियर म्हणून नाव झालं, पण डोक्यातला मे महिना काही सरला नाही. म्हणून गोमतीनगरात प्लॉट मिळाला तेव्हा साहेबांनी घर बांधलंच नाही, किल्ला बांधला. दक्षिणेला आंधळी, बिनखिडकीची भिंत, पश्चिमेला आंधळी भिंत, आणि खिडक्यांवर एवढाले सज्जे की उन्हाच्या तिरिपेनं आत यायचं तर आधी साहेबांची परवानगी काढावी. अंगण नाहीच. "उघडी जागा म्हणजे वाया घालवलेली जागा," असं ते ठणकावून सांगायचे. गच्चीवर जायला लोखंडी गोल जिना होता, जागा वाचवणारा आणि गुडघे मोडणारा. त्यांच्या बायकोनं, सुलभानं, नकाशा पाहिला आणि घडी करून परत दिला. घराच्या बाबतीत इंजिनियर नवऱ्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, हे ती लग्नानंतर लवकरच शिकली होती.

आधी ते लखनौच्याच महानगर नावाच्या मोहल्ल्यात भाड्यानं राहायचे; वास्तुशांतीला तिथल्या घरमालकीण मिश्राइन चाची आल्या. सगळं घर फिरून पाहिलं आणि हिवाळ्याचं काढून सुलभाला विचारलं, "बहू, जाड़े में धूप कहाँ सेंकोगी?"

रमाकांत खो खो हसले. "चाची, धूप से बचने के लिए ही तो इतना दिमाग़ लगाया है!"

चाचींनी ताटातला लाडू उचलून तोंडात टाकला.

उन्हाळ्यात घरानं कमाल केली, हे नाकारून चालायचं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला रमाकांत भिंतीला हात लावायला लावायचे. गार आहे की नाही? आहे ना? पाहुणे बिचारे मान डोलवायचे आणि सरबत पिऊन जायचे.

मग डिसेंबर आला. लखनौचा डिसेंबर म्हणजे नागपूरचा नव्हे. सकाळी कोहरा असा की समोरचं फाटक दिसू नये, आणि दुपारी घटकाभर ऊन पडलं की अख्खं शहर खाटा, वेताचे मोढे, विणकामाच्या सुया घेऊन बाहेर येतं. मटर सोलायचे, मीठ लावून पेरू खायचे, शेजाऱ्यांची उणीदुणी काढायची. त्या उन्हावर माणसं हिवाळा काढतात. पिंपळापुऱ्यांच्या किल्ल्यात मात्र दुपारी बारालाही ट्यूबलाइट जळायची, आणि बिजली गेली की तीही नाही. हीटर आणला, तर तो त्याच बिजलीचा गुलाम.

सगळ्यात हाल झाले पंढरीनाथांचे. रमाकांतांचे हे वडील. बायको गेल्यावर नागपूरचं बिऱ्हाड मोडून मुलाकडे आलेले. महानगरात भाड्याच्या घराच्या अंगणात त्यांची बाज असायची. तिच्यावर बसून ते सुलभाला भाजी निवडू लागायचे, चाचींशी मोडक्या हिंदीत राजकारणावर भांडायचे. सुलभाला ही बडबड म्हणजे दिवसभराची सोबत होती. नव्या घरात त्यांना स्वतंत्र खोली मिळाली, लगतचं बाथरूमही मिळालं, आणि त्यांची वाचाच बसली. गच्चीवर ऊन होतं, पण तो गोल जिना त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हता. रजई ओढून भिंतीकडे तोंड करून पडायचे. जेवण निम्मं झालं. कधी नव्हे ते सुलभाही कशावरून तरी भांडी आपटायला लागली होती. सासरे असेच भिंतीकडे तोंड करून एक दिवस विझून जातील, ही भीती तिच्या पोटात घर करून बसली होती, आणि नवऱ्याला सांगावं तर ते म्हणायचे, "वय झालंय. घराचा काय संबंध?"

एका रविवारी पंढरीनाथांनी खुर्ची उचलली आणि फाटकाबाहेर रस्त्याकडेला उन्हात जाऊन बसले. बऱ्याच दिवसांनी ते सुलभाला म्हणाले, "आज भाजी कोणती आहे गं?" तिचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच रमाकांत धावत बाहेर आले.

"बाबा, रस्त्यावर काय बसता? लोक म्हणतील, एवढं घर बांधलं आणि बापाला बाहेर काढलं."

म्हातारा खुर्ची घेऊन आत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची खोली रिकामी होती.

सुलभानं घाबरून ऑफिसात फोन केला. रमाकांत स्कूटरवरून आले, ते चारबागच्या रेल्वे स्टेशनाकडे निघायच्या तयारीनंच. बाप नागपूरची गाडी पकडणार, यापलीकडे त्यांचं डोकं चालेना. "महानगर," सुलभा म्हणाली आणि मागे बसली.

पंढरीनाथ तिथेच होते. चाचींच्या अंगणात, उन्हाकडे पाठ करून, मांडीवर मटरची थाळी. चाचींना काहीतरी तावातावानं पटवून देत होते. चेहऱ्यावर रंग आला होता. सुलभाला रडूच आलं, आणि तिनं ते लपवलंही नाही.

"बाबा, चला घरी," रमाकांत म्हणाले. "हे काय चाललंय? आपलं एवढं मोठं घर आहे."

"आहे ना," पंढरीनाथ शांतपणे म्हणाले. "फार चांगलं आहे. जूनचं आहे. जूनमध्ये येईन मी."

"अरे भैया, बैठो तो सही," चाचींनी मोढा पुढे सरकवला. पण रमाकांत बसले नाहीत. उन्हात उभे राहून त्यांच्या कपाळाला घाम आला होता, आणि स्वेटर काढायचं त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी घड्याळात पाहिलं.

"सुलभा, चल, तुला घरी सोडतो. मला ऑफिसात परत जायचंय."

सुलभानं चपला काढल्या, बाजेवर सासऱ्यांशेजारी बसली आणि थाळीतल्या मूठभर शेंगा ओंजळीत घेतल्या.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "घरी गेलात की ट्यूबलाइट लावून बसा."