मी कोम्प्रेनिस

फेब्रुवारीत राजेंद्र साळव्यांना पक्षाघाताचा झटका आला. आठवड्यानं बोलायला लागले, पण तोंडून मराठीचा एक शब्द निघेना. आपलं बोलणं त्यांना कळायचं. स्वतः मात्र भलत्याच भाषेत बोलायचे, तेही न अडखळता.

"बरळतायत का?" मुलीनं, प्रेरणानं, डॉक्टरांना विचारलं.

"नाही, भाषाच आहे कुठलीतरी. क्वचित असं होतं. आईची भाषा जाते, नंतर शिकलेली राहते."

रत्नमालाबाईंना आठवलं. "एस्पेरांतो असंल. लग्नाआधी पोस्टानं धडे मागवून शिकले होते. सगळ्या जगाची एक भाषा होणार म्हणायचे. पण माझ्यासमोर कधी बोलले नाहीत."

प्रेरणा मोबाईलवर ती भाषा शिकायला बसली. महिन्याभरात त्यांचं पाणी, ऊन, दुखणं एवढं कळायला आणि त्याच भाषेत विचारता यायला लागलं. तिनं पहिल्यांदा "पाणी हवं?" विचारलं तेव्हा बाबा रडले.

दुपारी मात्र ते तिच्याशी बोलत नसत. पलंगाच्या पायथ्याशी, भिंतीकडे बघून एकच वाक्य म्हणत राहायचे. "मी कोम्प्रेनिस, पुंजाराम. मी कोम्प्रेनिस." ते ऐकवेना म्हणून रत्नमालाबाई दुपारी शेजारी जाऊन बसू लागल्या.

भूतकाळाचा धडा आला आणि प्रेरणाला वाक्य लागलं. त्याचा अर्थ, मला समजलं होतं.

"काय समजलं होतं, बाबा?"

सांगायला त्यांना चार दिवस लागले. पुंजाराम त्यांचा जिवलग मित्र, छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी. दोघं शहागंजात एका खोलीत राहायचे. नियम असा होता, की खोलीत फक्त एस्पेरांतो, मराठी बोलायची नाही. बोललं तर दुसऱ्यानं कळलंच नाही असं दाखवायचं. एका सकाळी पुंजाराम अंथरुणावरून मराठीत काहीतरी म्हणाला. राजेंद्र हसले. एस्पेरांतोत म्हण, म्हणाले. तो पुन्हा मराठीतच म्हणाला. चेष्टाच चाललीय असं समजून ते ड्यूटीवर निघून गेले. संध्याकाळी परतले तेव्हा तो थंड पडला होता.

"चेष्टा नव्हती ती," बाबा भिंतीकडे बघत त्याच भाषेत म्हणाले. "त्याचा चेहरा मी पाहिला होता."

प्रेरणानं त्याच्या गावी, फुलंब्रीत शोध घेतला. पुंजारामची थोरली बहीण भागूबाई अजून होती. फोनवर तिनं सगळं ऐकून घेतलं आणि रविवारी ती एकटीच एसटीनं आली. सत्तरीची, ताठ बाई. पाणीसुद्धा न घेता पलंगाशी बसली.

बाबांनी तिला ओळखलं. "मी कोम्प्रेनिस."

"काय म्हनतो?"

"मला कळलं होतं, म्हणतायत."

"कळलं व्हतं ते मला फोनवर सांगितलंस. तो काय म्हनला व्हता, ते इचार. चाळीस वरसं झाली, माझा भाऊ शेवटी काय बोलला, मला ठाव नाय."

प्रेरणाला ते विचारायचं सुचलंच नव्हतं. "किओन ली दिरिस, बाबा?"

बाबांचे ओठ नुसते हलत राहिले. त्या दिवशीचं मराठी वाक्य ते धुंडाळत होते, ते येईना. अखेर दुसऱ्या भाषेत आलं. "मिआ ब्रुस्तो दोलोरास. वोकु मिआन फ्रातिनोन."

भागूबाई प्रेरणाकडे वळली.

"सांग की, पोरी."

"छातीत दुखतंय. माझ्या बहिणीला बोलव."

भागूबाईनं ते शब्द स्वतःशी पुटपुटून पाहिले. मग म्हणाली, "अक्काला बोलव, असं म्हनला असंल. बहिन म्हनत नव्हता तो."

बाबांनी होकाराची मान हलवली. डोळ्यांतून धार लागली होती. "अक्का," ते म्हणाले. झटक्यानंतरचा तो त्यांचा पहिला मराठी शब्द.

"मी माफ करायला आले नाय, राजेंद्र," भागूबाई म्हणाली. "पुंजारामचा निरोप पोचला, एवढं त्याला सांगते." आणि पदर सावरून ती पलंगाच्या पायथ्याकडे, भिंतीकडे तोंड करून बसली.